सड्यावरच्या मैदानाचे कुलूप काढा: जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती,
तसेच औद्योगिक वसाहतीतला मोकळा भूखंड ज्यांच्या ताब्यात आहे ते अधिकारी

विषय: रविवारचा गाडीवर्ग बंद केल्याबाबत

महोदय, महोदया,

सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, मोकळ्या भूखंडात आम्ही काही स्वयंसेवक रविवारी नवशिक्या मुलांना गाडी सावरायला फुकट शिकवत होतो. त्या भूखंडाच्या फाटकाला कुलूप लागले आणि कुलपाशेजारी एक कागद चिकटला. मजकूर दोन ओळींचा: विनापरवाना मोटार प्रशिक्षण तसेच अल्पवयीन मुलांच्या वाहनचालनास प्रोत्साहन, सबब दिलेली परवानगी रद्द. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. आम्ही अर्ज केला, पोच मिळाली, उत्तर आले नाही. भेटीची वेळ मागायला गेलो तेव्हा साहेब मीटिंगला होते, आणि नंतर गेलो तेव्हाही मीटिंगलाच होते. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. ज्यांची मुले त्या मैदानावर येत होती आणि ज्यांची यंदा बारावीनंतर येणार होती, त्यांनाही ते वाचता यावे.

आधी मी कोण ते सांगतो. महामार्गापासून आत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझे गॅरेज आहे आणि एक क्रेन आहे. दरीत, पऱ्यात, गटारात गेलेल्या गाड्या ओढून काढणे हा माझा धंदा. पावसाळ्यात गॅरेजपेक्षा क्रेन जास्त कमावते. म्हणजे पोरे गाडी नीट चालवायला शिकली तर माझा तोटाच आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर यात याचा काय स्वार्थ असे कुणीतरी विचारणारच.

क्रेनवाल्याला काही गोष्टी दिसतात ज्या पंचनाम्यात येत नाहीत. पंचनाम्यात लिहिलेले असते, वाहनावरील ताबा सुटल्याने. ताबा कसा सुटला ते साइडपट्टीच्या चिखलात लिहिलेले असते. वळण डावीकडे आणि चाकांच्या दोन रेघा नाकासमोर सरळ गेलेल्या, म्हणजे ब्रेक गच्च दाबला, चाके जाम झाली, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळली नाही. आडवे घासलेले गवत असेल तर वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक मारलाय आणि गाडीचा मागचा भाग फिरलाय. कसलीच खूण नसेल तर झोप, नाहीतर मोबाइल. गाडी वर आली की मी आधी गिअर बघतो. घाट उतरताना गेलेली गाडी न्यूट्रलमध्ये सापडली की समजायचे, पेट्रोल वाचवत होता. गाडीत बसलेली माणसे तोवर हॉस्पिटलात पोचलेली असतात किंवा नसतात. मागे उरतात कॉलेजच्या बॅगा, एखादी चप्पल, नवीन कोऱ्या सीटवरचे अजून न काढलेले प्लास्टिक. ती गाडी गॅरेजात आणून उभी केली की दुसऱ्या दिवशी बाप येतो आणि गाडीकडे न बघता किल्ली मागतो.

या सगळ्यात वाईट रस्त्याचा वाटा आहेच. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत असलेली पोरे आज परवाना काढून मोकळी झाली. कशेडीला बोगदे झाले, चाकरमान्यांचा वेळ वाचला, आनंद आहे. पण त्या गुळगुळीत रस्त्यावरून आत वळले की पुढचा रस्ता तोच: एका गाडीपुरते डांबर, दोन्ही बाजूंना गडगा म्हणजे दगडी कुंपण, वळणाच्या तोंडावर आंब्याची फांदी, आणि पावसाळ्यात मध्येच ठाण मांडून बसलेली गुरे. आंब्याच्या हंगामात रात्रभर वाशीला पेट्या नेणाऱ्या पिकअप, चिरेखाणीचे डंपर, शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून रात्रीची झोप मोडून आलेल्या गाड्या, हे सगळे त्याच पट्टीवर. १८ वर्षांच्या पोराने गाडी शिकायची ती इथे.

आणि शिकवले काय जाते? ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांशी माझे भांडण नाही. त्यातले दोघे रविवारी आमच्याबरोबर मैदानावर येत. ते परीक्षेपुरते शिकवतात, कारण परीक्षेत तेवढेच विचारतात. शिकाऊ परवाना घरबसल्या संगणकावर प्रश्न सोडवून निघतो. मग ३० दिवसांनी तालुक्याच्या कॅम्पाला जायचे, रांगेत उभे राहायचे, आठ काढायचा, गाडी पुढे न्यायची, मागे आणायची. घाटात समोरून डंपर आल्यावर कुणी मागे जायचे, हे त्यात कुठेच येत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे. तो पुस्तकात आहे, पण परवाना घेऊन आलेल्या मुलांना आम्ही विचारतो तेव्हा निम्मी गप्प असतात.

केंद्र सरकारला हे कळत नाही असे नाही. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. हलक्या वाहनांसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यातले ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. केंद्राला किमान एक एकर जागा हवी, सिम्युलेटर हवा, ट्रॅक हवा. चांगले नियम आहेत. आमच्या तालुक्यात असे केंद्र नाही. जागा मात्र होती, एक एकराहून मोठी, आणि तिथे येऊन फुकट शिकवणारी माणसे होती. त्याच जागेला आता कुलूप आहे.

आमचा गट म्हणजे गाड्यांचे वेड लागलेली माणसे. एकाकडे पन्नाशी गाठत आलेली फियाट आहे, जी वर्षातले आठ महिने माझ्याच गॅरेजात असते. एक बाई बँकेत आहेत, त्यांची जुनी जीप आहे आणि ती त्या कुणालाही चालवायला देत नाहीत. एक औषधांच्या दुकानवाले, एक चिरेखाणवाले, आणि एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, ज्यांना सगळी मुले आबा म्हणतात. आबांकडे विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे आणि तो ते रविवारी शर्टाला लावून येतात. रविवारी सकाळी गाड्या धुवायच्या आणि एकमेकांना दाखवायच्या, एवढाच आमचा उद्योग होता. घरच्यांच्या मते तोही वायफळ.

वर्गाची कल्पना आमची नाही. औषधवाल्यांचा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे ‘स्ट्रीट सर्व्हायव्हल’ नावाचा वर्ग २००२ पासून चालतो. एका मोटार क्लबाच्या प्रतिष्ठानाने तो सुरू केला. शिकवणारे स्वयंसेवक, मुले १५ ते २१ वयाची, गाडी ज्याच्या त्याच्या घरची. बंद आवारात पाणी ओतून मुद्दाम गाडी घसरवायची, एकदम ब्रेक मारायचा, अडथळा चुकवायचा. पार्किंग कसे करायचे ते तिथे शिकवत नाहीत, गाडी हातातून निसटते त्या दोन सेकंदांत काय करायचे ते शिकवतात. आम्हाला ते पटले. अमेरिकेत बर्फ आहे, आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस आहे. चार-पाच महिन्यांचे तेल, टायरचा बारीक चुरा आणि तांबडी धूळ डांबरावर साचलेली असते. त्यावर पहिली सर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माझी क्रेन घरी नसते.

मैदानावर काय चालायचे ते तुमच्यापैकी कुणी पाहिलेले नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला तास गाडी हलतच नाही. सीट किती पुढे, आरसे कसे, पट्टा खांद्यावरून कसा यायला हवा. बहुतेक मुले वडिलांच्या सीटवर वडिलांसारखीच रेलून बसतात आणि ब्रेक पूर्ण दाबायला त्यांचा पाय पुरत नाही. मग टायर. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला. हे उंचवटे मुलांना दाखवले की ती घरी जाऊन वडिलांच्या गाडीचे बघतात. त्यानंतरच्या आठवड्यात बाजारपेठेतल्या टायरवाल्याचा धंदा वाढतो. (त्याने आम्हाला चहा पाजायला हवा होता. अजून पाजलेला नाही.)

मग टेप. २०च्या वेगाने येऊन ठरलेल्या रेघेवर ब्रेक मारायचा, गाडी कुठे थांबली तिथे खूण करायची. आता ४०ने यायचे. किती लांब थांबेल? पोरे सांगतात, दुप्पट. टेप लावली की जवळजवळ चौपट निघते. हे पाठ्यपुस्तकात त्यांनी वाचलेले असते, वेगाचा वर्ग वगैरे, परीक्षेत गुणही मिळालेले असतात. पण टेपचे दुसरे टोक धरून चालत गेल्यावर चेहरे बदलतात. मग आबा सांगतात की ६०च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, आणि रस्त्यात गुरे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद जातोच.

मग पाण्याचा टँकर. भूखंडातल्या जुन्या डांबरी पट्टीवर सड्याची माती टाकून ती भिजवतो. तिथे गच्च ब्रेक. नव्या गाड्यांना एबीएस असते, म्हणजे ब्रेक गच्च दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा. ते लागू झाले की पायाखालचे पॅडल थरथरते, कटकट आवाज येतो, आणि पोर दचकून पाय काढते. नेमका तेव्हाच पाय काढायचा नसतो. दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची. पहिल्यांदा जवळपास कुणालाच जमत नाही, तिसऱ्या-चौथ्यांदा जमते. ज्याला त्या थरथरीची सवय मैदानावर झाली नाही, त्याला ती घाटातच पहिल्यांदा कळणार. फियाटला एबीएस नाही, म्हणून चाके जाम होणे काय असते ते दाखवायला ती कामाला येते. मालक तोंड फिरवून उभे राहतात.

वाटेत जुने टायर ठेवतो. त्यांच्यामधून नागमोडी जायचे. मुले हटकून ज्या टायरला घाबरतात त्यालाच जाऊन धडकतात, कारण डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. आबांचे एकच ओरडणे: “गडग्याकडे बघू नको, वाटेकडे बघ!” टायरला धडकले तर टायर पडतो, पोर हसते, पुन्हा जाते. मोकळ्या जागेचा सगळा उपयोग तेवढाच आहे, महोदय. तिथे पोराने चूक केली तर टायर पडतो.

सपाटीवर, चालण्याच्या वेगात, इंजिन बंद करून ब्रेक दाबायला लावतो. एकदा लागतो, दुसऱ्यांदा कमी, मग पॅडल दगड होते. स्टिअरिंगही जड होते. उतारावर किल्ली फिरवून पेट्रोल वाचवणाऱ्या काकांच्या गाडीत यातली कितीतरी मुले लहानपणापासून बसलेली आहेत. त्यानंतर ती स्वतःच विचारतात की घाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा.

आणि शेवटी चिरेखाणवाल्यांचा डंपर. बंद करून, चाकांना दगड लावून उभा करतो. एकाला केबिनमध्ये बसवतो. बाकीच्यांना डाव्या अंगाला आणि पुढच्या बंपरला लागून उभे करतो. वरच्याला विचारतो, किती जण दिसतात? पहिल्या वेळी जवळजवळ कुणीच दिसत नाही, आणि सगळे गेले कुठे म्हणून पोर आरशात शोधत राहते. स्कूटरवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी डंपरच्या डाव्या बाजूने पुढे घुसणे यानंतर सोडले, असे त्यांनीच सांगितले. ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर रक्त कसे थांबवायचे ते शिकवून जात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यात अडकवता येत नाही, नावसुद्धा सक्तीने विचारता येत नाही, हेही त्याच सांगत. आमच्याकडे अजून लोक मदतीआधी दहा वेळा मागे बघतात, पोलीस येईल म्हणून.

हे झाले काम. आता तुमच्या कागदावरचे दोन आरोप.

अल्पवयीन मुलांच्या वाहनचालनास प्रोत्साहन. मैदानावर स्टिअरिंगवर फक्त तोच बसत होता ज्याला १८ पूर्ण आहेत आणि ज्याच्या खिशात शिकाऊ किंवा पक्का परवाना आहे. शेजारी परवानाधारक माणूस, गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’, पालकांची लेखी संमती. फाटकावर हजेरीचे रजिस्टर होते, त्यात परवान्याचे क्रमांक आहेत. ते रजिस्टर मी अर्जाबरोबर जोडतो असे म्हणालो तेव्हा खिडकीवर ‘गरज नाही’ असे उत्तर मिळाले. कुलूपबंद आवार ही कायद्याच्या व्याख्येतली सार्वजनिक जागा होते का, यावर वकील लोक वाद घालू शकतील. आम्ही त्या फटीत शिरलो नाही. रस्त्यावरचाच नियम आत पाळला.

१६-१७ वर्षांची मुले येत होती, हे खरे. ती गाडी चालवत नव्हती. टेप धरत होती, टायर उचलत होती, डंपरमध्ये बसत होती, पट्टी बांधायला शिकत होती. त्यांना का बोलावतो ते सांगतो. ज्युनियर कॉलेज वाडीपासून १२-१५ किलोमीटर, सकाळची गाडी चुकली की पुढची दुपारी. १६व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवायची मुभा कायदा देतो, पण आमच्या बाजारपेठेत शोरूममधली सर्वांत लहान पेट्रोल स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी आहे. त्यामुळे पोर वडिलांची स्कूटर काढते, मागे दोघे बसवते आणि पोलीस दिसला की पाखाडीने उतरते. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. आमच्या वर्गात दर वेळी पालकांना कलम १९९अ वाचून दाखवले जायचे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. शेवटचे वाक्य ऐकून एका वडिलांनी मुलासमोर हात पुढे केला आणि पोराने स्कूटरची किल्ली त्यात ठेवली. याला प्रोत्साहन म्हणायचे असेल तर म्हणा.

मे २०२४ मध्ये पुण्यात जे झाले त्यानंतर प्रशासन अशा विषयात हात पोळून घ्यायला तयार नाही, हे मी समजू शकतो. १७ वर्षांच्या मुलाने चालवल्याचा आरोप असलेली ती महागडी गाडी, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, आणि जामिनाच्या अटीतला तो ३०० शब्दांचा निबंध, हे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. संताप रास्त होता. पण त्या संतापाचा हिशेब आमच्या भूखंडावर का? ज्या मुलाने रीतसर परवाना काढला आहे आणि जो रविवारी सकाळी सातला उठून ब्रेक मारायला शिकायला येतो, त्याला हाकलून कोणता अल्पवयीन चालक थांबणार आहे?

दुसरा आरोप, विनापरवाना प्रशिक्षण. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला २४वा नियम वाचावा. परवाना सक्तीचा आहे तो मोबदला घेऊन शिकवणाऱ्या संस्थेला. आम्ही एक रुपया घेत नाही. टँकरचे पैसे आळीपाळीने भरतो, वडापाव चिरेखाणवाल्यांकडून. आमचे नियमाचे वाचन चुकत असेल तर कोणता परवाना, कोणता नमुना, किती फी, ते लेखी कळवा. आम्ही रांगेत उभे राहू.

याखेरीज काही गोष्टी कागदावर नाहीत, पण बोलायला हव्यात. निर्णयाआधी कुणी येऊन बघितले नाही, आम्हाला बोलावले नाही. तक्रार आली होती असे तोंडी सांगतात, तिची प्रत देत नाहीत. धुळीची तक्रार असेल तर आम्ही पाणीच ओततो. आवाजाची असेल तर याच भूखंडावर ओव्हरआर्म क्रिकेटचे सामने डीजेसकट रात्रीपर्यंत चालले होते आणि त्यांना रीतसर परवानगी होती. सामने व्हावेत, माझाही पुतण्या खेळतो. आणि जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाच्या रॅलीत पुढे ठेवायला आमच्याच जुन्या गाड्या मागवल्या होत्या. फियाटवर फलक बांधला होता, तिच्यासमोर पाहुण्यांनी फोटो काढले. त्याच फियाटला आज त्या फाटकातून आत जायला मनाई आहे.

देशाचा आकडा तुम्ही अभियानाच्या भाषणात सांगताच. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली साधारण दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची. पण आकड्यात आमचे रस्ते कसे हरवतात तेही बघा. राष्ट्रीय महामार्गावरचा ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवायला सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात लागतात, किंवा दहा मृत्यू. महामार्गासाठी हे ठीक. आमच्या बंदराकडच्या रस्त्यावर प्रत्येक वळण वेगळे आहे आणि प्रत्येकाने एकेक दोन-दोन नेले आहेत. कोणतेच वळण यादीत बसत नाही. क्रेन मात्र त्या सगळ्या वळणांवर जाऊन आलेली आहे. यादी हवी असेल तर मी देतो, गाडीच्या नंबरासकट.

तर आमच्या मागण्या.

भूखंड महिन्यातून दोन रविवारी, सकाळी सात ते अकरा, आम्हाला परत द्यावा. अटी घाला. वेगाची मर्यादा ४०, आवारात रुग्णवाहिका, एक पोलीस कर्मचारी, विमा, जे योग्य वाटेल ते. पण अटी लेखी असाव्यात आणि पाळल्या तर परवानगी टिकावी. पावसाळ्यात बंद ठेवा असे कृपया सुचवू नका. पावसाळ्यासाठीच तर ते शिकवणे आहे.

कायमचा निर्णय घेण्याआधी परिवहन विभागाच्या एका अधिकाऱ्याने आणि वाहतूक पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने एक पूर्ण वर्ग बघावा. घरची गाडी आणि घरचे १८-१९ वर्षांचे मूल घेऊन आले तर उत्तमच. तक्रारीची प्रत द्यावी, नाव झाकून दिली तरी चालेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये ज्या जिल्हा समितीची तरतूद आहे ती तुमची समिती. तिच्या बैठकीत आमच्यातल्या एकाला बोलवावे, निदान एकदा. मला बोलवू नका, मला सभेत बोलता येत नाही. आबांना बोलवा. आणि तालुक्यातल्या अंतर्गत रस्त्यांवरच्या अपघातांच्या जागा, महामार्गाचा निकष बाजूला ठेवून, वर्षातून एकदा ग्रामपंचायतींच्या फलकावर लावाव्यात.

१६-१७ वर्षांच्या मुलांसाठी कॉलेजच्या वेळेला धरून सकाळी आणि संध्याकाळी एकेक बस फेरी सुरू करण्याची शिफारस समितीने करावी. हे आमच्या वर्गाच्या कक्षेबाहेरचे आहे, पण पोरांच्या हातातली स्कूटर नुसत्या व्याख्यानाने सुटत नाही.

बारावीचे निकाल लागले आहेत. तालुक्यात आत्ताच कितीतरी मुलांनी शिकाऊ परवाने काढलेत, त्यांचे ३० दिवस जूनमध्ये भरतात आणि पुढच्या कॅम्पाला ती आठ काढून पक्का परवाना घेतील. गणपतीत मुंबईहून काका गाडी घेऊन आले की किल्ली यांच्याच हातात पडणार आहे, कारण काका रात्रभर चालवून झोपलेले असतील. त्यामुळे निदान दोन रविवार आम्हाला मृगाआधी हवे आहेत. टँकरवाल्याशी बोलून ठेवले आहे, डंपर मोकळा आहे, फियाट यावेळी चक्क चालू स्थितीत आहे. फाटकाची किल्ली वसाहतीच्या वॉचमनकडे असते. त्याला एक फोन केला तरी पुरे, लेखी आदेश मागाहून पाठवलात तरी आम्ही तो फाटकावर लावू.

कळावे,
आपला,
रविवारच्या गाडीवर्गातला क्रेनवाला
(सर्व स्वयंसेवकांच्या वतीने)